जमा कोठून झाली?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर आणि जोत्यावर पहिल्या राजराज चोळाच्या काळातील शिलालेख कोरलेले आहेत. इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मंदिराला कोणी काय अर्पण केले, त्याचे वजन किती, मोती व रत्ने संख्येने किती, याच्या तपशीलवार नोंदी त्यांत आढळतात. राजाने दिलेल्या काही वस्तूंसंबंधी तर, चेर व पांड्य राजांचा पराभव करून हस्तगत केलेल्या संपत्तीतून त्या दिल्या आहेत, असा स्पष्ट उल्लेख केलेला दिसतो. देवाच्या निधीतील रकमा आसपासच्या गावसभांना व्याजाने दिल्या जात. त्यांवर दर काशूमागे वर्षाला एक-अष्टमांश काशू, म्हणजे शेकडा साडेबारा, असे व्याज ठरल्याचेही शिलालेख सांगतात. संपत्ती किती आली यासोबत ती कोठून आली हेही नोंदवावे, ही दृष्टी या भूमीत हजार वर्षांपूर्वी होती, हे यावरून ध्यानात येते.

पुढे १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याची सत्ता होती. त्या राजवटीतील मोडी कागदपत्रांची अनेक बाडे तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. जुन्या मराठी जमाखर्चाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना 'बाबत', 'गुजारत', 'हस्ते' हे शब्द नवे नाहीत. नुसता आकडा लिहून कारकुनाची सुटका होत नसे. रक्कम कशाबद्दल आली, कोणामार्फत आली आणि कोणाच्या हाती पडली, हेही त्याला लिहावे लागे.

आज तंजावरमध्ये एखादे कुटुंब घरासाठी कर्ज मागावयास बँकेत जाते, तेव्हा त्याला याच प्रश्नास तोंड द्यावे लागते. अर्जासोबत मागील सहा महिन्यांचे, क्वचित वर्षभराचे, खात्याचे उतारे मागितले जातात. दरमहा येणाऱ्या पगाराच्या ओळी अधिकारी सहज ओलांडून जातो. मात्र पगाराच्या मानाने मोठी अशी एखादी अवचित रक्कम दिसली की त्याची पेन्सिल तेथे थांबते आणि तो त्या रकमेचा लेखी खुलासा मागतो. प्रामाणिक माणसाला या मागणीने अपमान झाल्यासारखे वाटते. तेव्हा ती मागणी का केली जाते, आणि तिला उत्तर कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

बँकेच्या प्रश्नामागील प्रश्न

घराची सर्व किंमत बँक कर्जाऊ देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जात मालमत्तेच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्जात पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. उरलेला हिस्सा खरेदीदाराने स्वतः उभारावयाचा असतो. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सामान्यतः याखेरीज पडतो. या हिश्श्यामागे एक तत्त्व आहे. घरात ज्याची स्वतःची पुंजी गुंतली आहे, तो अडचणीच्या काळातही हप्ते चुकवण्यास सहसा धजत नाही.

म्हणून खात्यातील मोठ्या जमेकडे पाहताना अधिकारी मनाशी चार प्रश्न विचारत असतो. ही रक्कम खरोखर अर्जदाराचीच आहे काय? ती पुन्हा येण्याजोगी आहे, की एकदाच आलेली? तिच्यापोटी कोणाचे देणे निर्माण झाले आहे काय? आणि ती कायद्याने वैध अशा मार्गाने आली आहे काय?

यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही अर्जदाराच्या ध्यानी येत नाही. उसनवारीने उभारलेली रक्कम 'स्वतःची पुंजी' म्हणून दाखविली गेली, तर घराची जवळजवळ सर्व किंमत कर्जातूनच उभी राहते. यांतील एकच कर्ज बँकेला ठाऊक असते आणि दुसऱ्याचे हप्ते तिच्या हिशेबाबाहेर राहतात.

चौथ्या प्रश्नामागे कायद्याचे बंधन आहे. ज्या रकमेचा उगम समाधानकारकपणे सांगता येत नाही, ती उत्पन्न म्हणून धरून तीवर कर आकारण्याचा अधिकार १९६१ च्या आयकर कायद्याने दिला होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. देणारा कोण, देण्याइतकी त्याची ऐपत आहे काय, आणि व्यवहार खरा आहे काय, या तीन कसोट्या न्यायालयांनी वारंवार लावल्या आहेत. कागद हाती असला तरी तो पुरेसा ठरेलच असे नाही. घोड्यांच्या शर्यतीत वारंवार मोठी बक्षिसे लागल्याचे सांगणाऱ्या एका करदात्या स्त्रीचा दावा १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. माणसांच्या नित्य व्यवहारात जे संभवनीय असते, त्याच्याशी तो जुळत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. तात्पर्य, खुलाशाला पुरावा हवा आणि त्यातील हकीकत विश्वासार्हही हवी.

एक कल्पित उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. तंजावर शहरातील एका शिक्षिकेचा मासिक पगार साठ हजार रुपये आहे. तिच्या पतीची कावेरीच्या खोऱ्यात थोडी भातशेती असून तो सहअर्जदार आहे. त्यांनी पाहिलेल्या घराची किंमत चाळीस लाख रुपये आहे. नियमाप्रमाणे त्यांना अधिकांत अधिक बत्तीस लाखांचे कर्ज मिळू शकते, म्हणजे आठ लाख रुपये त्यांनी स्वतः उभारले पाहिजेत. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अर्ज केला. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांच्या उताऱ्यांत पगाराखेरीज पाच जमा दिसतात : एप्रिलमध्ये १,५०,०००, जूनमध्ये २,००,०००, जुलैमध्ये १,२०,०००, ऑगस्टमध्ये रोख १,७०,००० आणि सप्टेंबरमध्ये १,६०,०००. बेरीज बरोबर आठ लाख होते. वरवर पाहता हिस्सा उभा राहिला, असेच कोणासही वाटेल. आता यांतील एकेका रकमेचे मूळ तपासू.

भाताचे पैसे

सप्टेंबरमधील रक्कम कुरुवै हंगामाच्या भाताची आहे. कावेरीच्या खोऱ्यात कुरुवै, सांबा व ताळडी असे भाताचे तीन हंगाम मानले जातात. कुरुवैसाठी मेत्तूर धरणाचे पाणी १२ जून रोजी सोडण्याचा प्रघात आहे, आणि सप्टेंबरपासून नवे भात खरेदी केंद्रांवर येऊ लागते. तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाच्या थेट खरेदी केंद्रावर भात घातले, तर पैसे खात्यात जमा होतात. हाती पावती असते आणि जमेच्या ओळीवरूनही पैसे देणारा कोण ते कळते. सोबत जमिनीचे कागद जोडले म्हणजे खुलासा पुरा होतो. महाराष्ट्रात ज्या कामी सातबाऱ्याचा उतारा लागतो, त्या कामी तमिळनाडूत पट्टा, चिट्टा व अडंगल हे कागद लागतात. पैकी अडंगलात कोणत्या शेतात कोणते पीक होते याची गावच्या अधिकाऱ्याने केलेली नोंद असते.

हेच भात व्यापाऱ्याला रोखीने विकले असते, तर व्यापाऱ्याची पावती, अडंगल आणि खात्यात पैसे भरल्याची तारीख यांचा मेळ घालावा लागला असता. पेरा एक एकराचा आणि रक्कम पाच एकरांच्या पिकाची, असे दिसल्यास अधिकारी शंका घेणारच. कुळाने कसलेल्या जमिनीत आणखी एक अडचण संभवते. कागदावर नाव मालकाचे आणि पैसे मात्र कुळाच्या खात्यात, अशी स्थिती असल्यास कूळ असल्याचा पुरावा आधीच मिळवून ठेवणे श्रेयस्कर होय. आपल्या उदाहरणात जमीन पतीचीच आहे. ही रक्कम निर्विवादपणे कुटुंबाची असून दर हंगामाला ती पुन्हा येण्याचाही संभव आहे.

परदेशातील भावाची मदत

जूनमधील दोन लाख रुपये शिक्षिकेच्या भावाने सिंगापूरहून पाठविले. तंजावर, पट्टुक्कोट्टै या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे सिंगापूर, मलेशिया व पुढे आखाती देशांत गेली आहेत, आणि घर बांधताना त्यांचा हातभार लागणे ही तेथील नित्याची गोष्ट आहे. भाऊ हा आयकर कायद्याच्या दृष्टीने 'नातेवाईक' असल्यामुळे त्याने दिलेल्या देणगीवर घेणाऱ्यास कर पडत नाही. बँकेसाठी भावाचे सहीचे देणगीपत्र, नात्याचा पुरावा आणि पैसे बँकेमार्फत आल्याचा दाखला एवढे पुरते. देणगीपत्रात 'ही रक्कम परत घ्यावयाची नाही' हे वाक्य असलेच पाहिजे.

आणि ते वाक्य खरेही असले पाहिजे. भाऊ व बहीण यांच्यात 'सवडीने परत कर' असे ठरले असेल, तर ते कर्ज होय. तसेच दाखविण्यात कमीपणा नाही. खोटे देणगीपत्र मात्र बँकेची फसवणूक ठरते, आणि उद्या भावंडांत वाद उद्भवल्यास तोच कागद देणाऱ्याच्या विरुद्ध उभा राहतो.

पैसे 'उंडियल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हवाल्याच्या मार्गाने आले असते, तर परिस्थिती सर्वस्वी निराळी झाली असती. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने हा मार्ग निषिद्ध आहे. घामाचा पैसा असूनही त्याचा उगम सिद्ध करणारा एकही कागद तेथे मागे उरत नाही.

चिटाचे पैसे

एप्रिलमधील दीड लाख रुपये चिटाचे आहेत. महाराष्ट्रातील भिशीशी साम्य असलेली ही पद्धत तमिळनाडूत घरोघरी रुजली आहे. नोंदणीकृत चिटांचे नियमन १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली होते. समजा, वीस सभासद वीस महिने दरमहा दहा हजार रुपये भरतात, म्हणजे चिट दोन लाखांचे झाले. ज्याला निकड असेल तो लिलावात सूट देऊन रक्कम आधी उचलतो. आपल्या शिक्षिकेने आठव्या महिन्यात पन्नास हजारांची सूट देऊन दीड लाख रुपये उचलले. सुटीतून संचालकाचे कमिशन वजा जाऊन उरलेला भाग सभासदांत लाभांश म्हणून वाटला जातो.

येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. आपलेच पैसे आपल्याला मिळाले, असे त्यांना वाटते. वास्तविक रक्कम उचलताना तिने आठच हप्ते भरलेले असून बारा हप्ते द्यावयाचे राहिले होते. सबब ही रक्कम अंशतः बचत आणि अंशतः कर्ज आहे. खुलाशासोबत चिटाचा करार, हप्त्यांचे पुस्तक आणि रक्कम दिल्याची पावती जोडावी, आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या स्वतःहून लिहावी. शेजारपाजारच्या अनौपचारिक चिटाला असे कागद नसतात, हे त्यात सामील होण्यापूर्वीच लक्षात घेतलेले बरे.

दागिन्यांवरील कर्ज

जुलैमधील एक लाख वीस हजार रुपये सोन्याचे दागिने गहाण ठेवून आले. तमिळनाडूत ही तडजोड इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कर्ज म्हणणेही काहींना चमत्कारिक वाटेल. तथापि बँकेच्या लेखी ते कर्जच होय. बँकेकडून घेतलेले असल्यास ते पतविषयक अहवालात दिसते. खासगी पेढीवरचे कदाचित दिसणार नाही, पण जमेची ओळ तर उताऱ्यात असतेच. या रकमेचा खुलासा गहाणपावतीने एका मिनिटात होतो. मात्र खुलासा झाला म्हणजे ती रक्कम स्वतःची पुंजी ठरत नाही.

मोयचे पैसे

ऑगस्टमधील रोख एक लाख सत्तर हजार रुपये हा यांतील सर्वांत कठीण भाग होय. तंजावर जिल्ह्यातील पेरावूरणी आणि शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील कीरमंगलम, वडकाडु या परिसरांत 'मोय विरुंदु' नावाची प्रथा आहे. मोय म्हणजे आहेर आणि विरुंदु म्हणजे मेजवानी. आडी व आवणी या तमिळ महिन्यांत, म्हणजे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, अशा मेजवान्या झडतात. यजमान भोजन देतो आणि पाहुणे रोख मोय लिहून जातात. प्रत्येकाचे नाव, गाव व रक्कम वहीत नोंदली जाते. पाहुण्याच्या घरी मेजवानी असेल तेव्हा यजमानाने ती रक्कम, बहुधा काही भर घालून, परत करावयाची असते. या पैशांवर विहिरी खणल्या गेल्या, दुकाने निघाली आणि मुलांची शिक्षणे झाली. बँक ज्यांच्या दारी पोचली नव्हती, त्यांनी परस्परांच्या विश्वासावर उभारलेली ही बिनव्याजी पतपेढीच म्हणावी लागेल. नोव्हेंबर २०१८ मधील गज चक्रीवादळाने या भागातील नारळीच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा परतफेडीची ही साखळीही अडखळली. सामाजिक कर्जालाही परतफेडीची चिंता असतेच, हे त्यातून दिसून आले.

शिक्षिकेच्या सासरी यंदा अशी मेजवानी झाली, आणि त्या मोयचा काही भाग तिच्या खात्यात भरला गेला. कायद्याने कोणा व्यक्तीला तिच्या स्वतःच्या विवाहप्रसंगी मिळालेला आहेर करमुक्त आहे. मोय विरुंदु हा विवाह नव्हे, आणि पाहुण्यांत नातेवाइकांसोबत गावकरी व परिचितही असतात. त्यामुळे 'समारंभात मिळाले' एवढे लिहून भागत नाही. वही हा येथे मुख्य पुरावा होय. तिच्या संबंधित पानांच्या प्रती, निमंत्रणपत्रिका आणि रोख भरल्याची पावती जोडावी. कराविषयी जाणकाराचा सल्ला घ्यावा. आणि ही रक्कम पुढे परत करावयाची आहे, हेही प्रांजळपणे नमूद करावे. आहेराची वही ज्याच्या घरी आहे, त्या मराठी वाचकालाही हे निराळे सांगावयास नको.

प्रामाणिक खुलाशाची किंमत

आता हिशेब मांडू. आठ लाखांपैकी भाताचे १,६०,००० आणि भावाचे २,००,००० मिळून ३,६०,००० रुपये निर्विवादपणे कुटुंबाचे आहेत. चिटातील भरलेला भाग त्यात थोडी भर घालील. बाकीच्या रकमा कमीअधिक प्रमाणात देण्याच्या आहेत.

याचा दुसरा परिणाम हप्त्यावर होतो. बत्तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्के व्याजाने घेतले असे धरल्यास मासिक हप्ता सुमारे २७,८०० रुपये येतो. सर्व हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आत असावेत, अशी मर्यादा मानली, तर साठ हजारांच्या पगारात तो बसतो. परंतु चिटाचा दहा हजारांचा हप्ता त्यात मिळविला की आकडा ३७,८०० वर जातो. तीस हजारांची मर्यादा पाळावयाची, तर घरासाठी वीस हजारच उरतात, आणि तेवढ्या हप्त्यात सुमारे तेवीस लाखांचेच कर्ज बसते. शेतीचे उत्पन्न बँकेने जमेस धरले, तर हा आकडा काहीसा वाढेल.

मग गप्प बसणेच शहाणपणाचे नव्हे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. बँकेपासून देणे लपविले, तरी ते फेडणाऱ्यापासून लपत नाही. ३७,८०० रुपये वजा जाता साठ हजारांतून २२,२०० उरतील. त्यातून संसार, दागिन्यांचे व्याज आणि पुढील आडीत कोणाच्या तरी मेजवानीला परत करावयाचे मोय, हे सर्व भागवावे लागेल. एखादा हंगाम बुडाला की घर धोक्यात येते. या कुटुंबापुढे अनेक मार्ग मोकळे आहेत : चिटाचे उरलेले हप्ते संपेपर्यंत थांबणे, अधिक लहान घर पाहणे, किंवा सांबाच्या पैशांतून दागिने सोडवून मग अर्ज करणे. खुलासा लिहिताना मांडलेला हिशेब त्यांना हे मार्ग वेळीच दाखवितो. विक्रेत्याला विसार देऊन बसल्यानंतर कर्ज नाकारले गेले, तर मात्र ही निवड हातची जाते.

खुलासा कसा लिहावा

खुलाशाचे पत्र एका पानात मावावे. प्रत्येक जमेसाठी पाच गोष्टी क्रमाने लिहाव्यात :

१. जमेची तारीख व रक्कम, उताऱ्यात आहे तशीच.
२. रक्कम देणारा कोण आणि त्याच्याशी असलेले नाते वा व्यवहार.
३. रक्कम कशाबद्दल आली.
४. ती परत करावयाची आहे काय. असल्यास किती आणि केव्हापर्यंत.
५. सोबत जोडलेले कागद.

मोयच्या जमेसंबंधी, उदाहरणार्थ, असे लिहिता येईल : 'ऑगस्ट महिन्यात रोख भरलेले रु. १,७०,००० हे पतीच्या कुटुंबाने केलेल्या मोय विरुंदुतील रकमेचा भाग आहेत. देणाऱ्यांची नावे व रकमा असलेल्या वहीच्या प्रती जोडल्या आहेत. प्रथेप्रमाणे या रकमा त्यांच्या घरच्या प्रसंगी परत करावयाच्या आहेत.' भाषा साधी असावी. आपण किती सचोटीचे आहोत याचे वर्णन करू नये, आणि न विचारलेल्या कौटुंबिक हकिगतीही सांगू नयेत. तारखा व आकडे जुळले की पत्राचे काम झाले.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मोठी रोख रक्कम लहान लहान तुकडे करून भरू नये. २००२ च्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखालील नियमांप्रमाणे दहा लाखांवरील रोख व्यवहारांची, तसेच त्याहून लहान पण परस्परसंबद्ध असून महिन्याभरात मिळून ती मर्यादा ओलांडणाऱ्या व्यवहारांची माहिती बँकेला द्यावी लागते. शिवाय रक्कम लहान असली तरी तुकडे केल्याने निर्दोष पैसा संशयास्पद दिसू लागतो. वीस हजार वा अधिक रुपयांचे कर्ज रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या विसारालाही ती लागू झाली. कर नसलेल्या शेतकऱ्यांच्या आपसांतील उसनवारीला मात्र कायद्याने यातून सूट दिली आहे. अर्ज करण्याच्या आधल्या आठवड्यात कोणाकडून तरी रक्कम आणून खात्यात 'दाखवावयास' ठेवणे हाही आत्मघातकी उपाय होय. उताऱ्यात ती येतानाही दिसते आणि जातानाही दिसते.

बँकेचेही कर्तव्य

ज्याचा पगार दरमहा खात्यात येतो, त्याला हे सर्व सोपे जाते. ज्याचे जीवन हंगाम, चिट, आहेर व रोखी यांवर चालते, त्याच्या खात्यातील जवळजवळ प्रत्येक जमा 'अवचित' ठरते. हा दोष त्याच्या सचोटीचा नाही. बँकेची तपासणी नोकरदाराच्या मापाने बेतलेली आहे, हे त्याचे कारण होय. म्हणून अधिकाऱ्यानेही प्रांतातील रीती जाणून घेतल्या पाहिजेत. कुरुवैचे पैसे सप्टेंबरात येतात आणि मोय आडीत जमते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला खुलासा वाचताना अर्धी शंका उरत नाही. कर्जाचा अर्ज नाकारल्यास त्याची मुख्य कारणे बँकेने लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, आणि अर्जदाराने ती आग्रहाने मागून घ्यावीत. कोणत्या जमेचा खुलासा पटला नाही, हे कळले तर पुढच्या वेळी ती उणीव भरून काढता येते.

कुटुंबाच्या बाजूने करावयाची गोष्ट त्या मानाने अल्प आहे. खात्यात मोठी रक्कम आली की त्याच दिवशी घरच्या वहीत एक ओळ लिहावी : किती, कोणाकडून, कशाबद्दल, आणि परत द्यावयाची की नाही. पावती त्या पानालाच टाचून ठेवावी. सहा महिन्यांनी स्मरणातून जुळविलेल्या खुलाशापेक्षा त्या दिवशी लिहिलेली ती एक ओळ बँकेला अधिक पटते, आणि आपल्या पैशांपैकी खरोखर आपले किती, हेही घरातल्या माणसांना तिच्यावरूनच कळते.